जामीन पैशावर की जोखमीवर? न्यू जर्सीचे नऊ मुद्दे आणि आपली कोर्टं

शर्वरी_एडिसन (धागालेखिका)

२०१३ साली न्यू जर्सीतल्या कैद्यांची पाहणी झाली. दर शंभरांत बारा जण असे निघाले, की अडीच हजार डॉलर किंवा त्याहून कमी रकमेचा जामीन भरता येत नाही एवढ्याच कारणाने ते आत होते. गुन्हा सिद्ध झालेला नाही, सोडायला न्यायाधीशाची हरकत नाही, फक्त पैसे नाहीत. त्याच वेळी ज्याच्याकडे पैसे आहेत तो, आरोप कितीही गंभीर असला तरी, बॉण्ड भरून घरी जात होता.

मी इथे फौजदारी खटल्यांत आरोपींच्या बाजूने काम करते. पैशावरचा जामीन आणि नंतर आलेली पद्धत, दोन्ही जवळून पाहिल्या आहेत. भारतातल्या कोर्टांत एआय आणायच्या चर्चेत ‘जामिनाचं काम मशीनला द्या’ असं काही जण म्हणतात आणि दाखला अमेरिकेचा देतात. म्हणून इथे नेमकं काय झालं ते सविस्तर लिहिते आहे.

२०१४ मध्ये मतदारांनी राज्याची घटना दुरुस्त करायला मान्यता दिली आणि १ जानेवारी २०१७ पासून नवा कायदा लागू झाला. रोख जामीन कागदावर शिल्लक राहिला, पण व्यवहारात जवळजवळ संपला. २०१७ या पहिल्या वर्षात चव्वेचाळीस हजारांवर आरोपींपैकी फक्त ४४ जणांना पैशाची अट घातली गेली. पैशाच्या जागी आलं जोखमीचं मोजमाप, पब्लिक सेफ्टी असेसमेंट, इथल्या बोलण्यात पीएसए. ते अर्नोल्ड फाउंडेशन या खाजगी संस्थेने तयार करवून घेतलं आणि २०१३ मध्ये आधी केंटकी राज्यात वापरात आलं.

यात मशीन असं फारसं काही नाही. मुद्दे नऊच: अटकेच्या वेळचं वय, सध्याचा आरोप हिंसेचा आहे का, अटकेच्या वेळी दुसरा खटला चालू होता का, आधी किरकोळ गुन्ह्यात शिक्षा, आधी गंभीर गुन्ह्यात शिक्षा, आधी हिंसेच्या गुन्ह्यात शिक्षा, गेल्या दोन वर्षांत तारखेला गैरहजेरी, त्याआधीची गैरहजेरी, आणि पूर्वी तुरुंगवास झाला आहे का. प्रत्येकाला ठरलेले गुण. बेरीज करून दोन अंक निघतात, १ ते ६ मधले. पहिला कोर्टाच्या तारखेला न येण्याचा, दुसरा सुटल्यावर नवा गुन्हा करण्याचा. शिवाय नव्या हिंसक गुन्ह्याचा धोका वाटला तर वेगळी खूण. वंश, शिक्षण, उत्पन्न, नोकरी, पत्ता यांतलं काहीही विचारत नाहीत. आरोपीची मुलाखतही लागत नाही, सगळं नोंदींमधून काढतात.

मग हे अंक एका तक्त्यात जातात आणि तक्ता शिफारस करतो: नुसत्या हमीवर सोडा, महिन्यातून फोनवर हजेरी, आठवड्याला हजेरी, घरात नजरकैद आणि पायात ठिकाण दाखवणारा पट्टा, किंवा सोडू नका. तुरुंगात आणल्यापासून ४८ तासांत न्यायाधीशाने निर्णय द्यायचा. सरकारी वकिलाला आरोपी आतच हवा असेल तर वेगळा अर्ज करावा लागतो, त्यावर सुनावणी होते आणि आरोपीला वकील मिळतो. शिफारस न्यायाधीशावर बंधनकारक नाही.

परिणाम? २०१५ अखेर ते २०१८ अखेर खटला चालू असताना आत असलेल्यांची संख्या सुमारे ४४ टक्क्यांनी घटली. २०१४ आणि २०१७ च्या गटांची तुलना केली, तर तारखेला येण्याचं प्रमाण ९२.७ वरून ८९.४ टक्क्यांवर आलं आणि सुटलेल्यांवर नवा गंभीर आरोप लागण्याचं प्रमाण १२.७ वरून १३.७ वर गेलं. म्हणजे हजारो माणसं आपल्या घरी, आपल्या कामावर राहिली आणि ज्या अनर्थाची भीती घातली जात होती तो झाला नाही.

आता मला खुपणारी गोष्ट. २०१२ मध्ये इथल्या तुरुंगांत ५४ टक्के लोक काळे होते. २०१८ मध्येही ५४ टक्केच. आतले काळे कैदी सुमारे तीन हजारांनी कमी झाले, ते मी कधीच लहान मानणार नाही, पण वाटा तसूभर हलला नाही. कारण नऊपैकी बहुतेक मुद्दे जुन्या शिक्षा आणि जुन्या नोंदींवर उभे आहेत, आणि नोंदी त्याच वस्तीत जास्त होतात जिथे पोलिसांची गाडी जास्त फिरते. वंश विचारला नाही तरी तो असा मागच्या दाराने आत येतो.

माझं मत आधीच सांगून टाकते. न्यू जर्सीत तुरुंग रिकामे झाले ते अंकांमुळे नाही. कायद्याने पैसा बाजूला काढला, ४८ तासांची मुदत घातली, आत ठेवायचं असेल तर ते सिद्ध करण्याचा भार सरकारवर टाकला, आणि प्रत्येकाला वकील दिला. मोजमाप हे त्यातलं एक चाक होतं. बाकी काही न आणता नुसतं हे चाक कुठे बसवलं तर काहीच हलणार नाही.

महाराष्ट्रात कोर्टात रोज उभे राहणारे, पोलिसांत असलेले, आकडेवारीतले असे सगळे इथे आहेत. तुम्हाला काय वाटतं?

---

माणदेशी_वकील

ताई, धाग्याबद्दल मनापासून धन्यवाद. मी तालुक्याच्या कोर्टात आहे. आमच्याकडे जामीन मंजूर होणं आणि माणूस बाहेर येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ऑर्डर होते: पंधरा हजारांचा जातमुचलका (आरोपीने स्वतः लिहून दिलेली हमी) आणि तेवढ्याच रकमेचा एक सक्षम जामीनदार. इथून खरी कसरत सुरू. जामीनदाराचा सातबारा पाहिजे, नाहीतर तहसीलचा ऐपतीचा दाखला पाहिजे, रेशनकार्ड पाहिजे, आणि शक्यतो स्थानिकच पाहिजे. भूमिहीन माणसाचे सगेसोयरे पण भूमिहीनच. मग कोर्टाच्या आवारात पैसे घेऊन उभे राहणारे भाडोत्री जामीनदार, आणि ज्याच्याकडे तेही नाहीत तो आतच. आरोपी पळून जाईल का हा प्रश्न कुणी विचारतच नाही. त्याच्या ओळखीत जमीनवाला कोण आहे एवढंच विचारतात.

सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये मोतीराम खटल्यात हेच सांगितलं होतं. मध्य प्रदेशातला गवंडी, वरून जामीन मिळालेला, पण खाली मॅजिस्ट्रेटने दहा हजारांचा जामीनदार मागितला आणि भाऊ उभा राहिला तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून नाकारला. न्या. कृष्ण अय्यर यांनी त्याला हजार रुपयांच्या स्वतःच्या मुचलक्यावर सोडलं. त्याला आता पंचेचाळीस वर्षं उलटून गेली, आणि परजिल्ह्यातला जामीनदार म्हटलं की आजही कपाळाला आठी पडते.

मशीन येवो न येवो, आधी हा जमिनीचा हिशोब थांबला पाहिजे.

---

वाचनवेडा

वाचतोय. एक शंका: हे गुण कोणी ठरवले ते आरोपीला कळतं का? की कंपनीचं गुपित म्हणून झाकून ठेवतात?

---

शर्वरी_एडिसन

पीएसएचे मुद्दे आणि गुण जाहीर आहेत. मी कोर्टात उभी राहून सांगू शकते, की अमुक गैरहजेरी चुकीची नोंदली आहे, त्या दिवशी अशील दुसऱ्या काउंटीच्या तुरुंगात होता. असं झालेलंही आहे.

तुम्ही म्हणता तो झाकपाकीचा प्रकार वेगळ्या मोजमापाचा आहे. कॉम्पास नावाचं खाजगी कंपनीचं सॉफ्टवेअर, फ्लोरिडातल्या ब्रॉवर्ड काउंटीत खटल्याआधीच्या सुटकेसाठी वापरलं जात होतं. त्याचं सूत्र कंपनीने उघड केलेलं नाही. २०१६ मध्ये प्रोपब्लिका या शोधपत्रकारिता करणाऱ्या संस्थेने तिथल्या सात हजारांवर आरोपींचे अंक आणि नंतर त्यांचं काय झालं हे ताडून पाहिलं. ज्यांच्यावर पुढे नवा गुन्हा नोंदलाच गेला नाही, अशा काळ्या आरोपींपैकी सुमारे ४५ टक्क्यांना ‘जास्त धोका’ असा शिक्का होता. गोऱ्यांत हे प्रमाण साधारण साडेतेवीस. कंपनीने उत्तर दिलं, की आमचा शिक्का दोन्ही गटांत सारखाच खरा ठरतो.

---

तेजस_सांख्यिकी

शर्वरीताई, तुमच्या शेवटच्या वाक्यातच खरी मेख आहे. दोन्ही बाजू खरं बोलत होत्या. हे अनेकांना पटत नाही म्हणून काल्पनिक आकडे घेऊन दाखवतो.

दोन गट, प्रत्येकी हजार माणसं. पहिल्यात पुन्हा अटक होण्याचं प्रमाण ४० टक्के, दुसऱ्यात २० टक्के. आपलं मोजमाप दोन्ही गटांशी अगदी प्रामाणिक आहे असं धरू: ‘जास्त धोका’ म्हटलेल्यांपैकी ६० टक्के पुन्हा अटकेत जातात आणि ‘कमी धोका’ म्हटलेल्यांपैकी १० टक्के, दोन्हीकडे हेच. मग पहिल्या गटात ६०० जणांना जास्त धोक्याचा शिक्का बसतो, दुसऱ्यात २०० जणांना. पहिल्यातले २४० जण शिक्का बसूनही काही करत नाहीत, म्हणजे अटक न होणाऱ्या ६०० मधले ४० टक्के. दुसऱ्यात असे ८० जण, ८०० मधले १० टक्के.

शिक्क्याचा अर्थ दोन्हीकडे एकच, तरी नाहक शिक्का बसण्याची शक्यता एका गटात चौपट. दोन गटांतलं मूळ प्रमाण वेगळं असेल तर या दोन प्रकारच्या समानता एकाच वेळी साधत नाहीत. हे २०१६-१७ च्या सुमारास गणिताने सिद्ध झालं. एकीकडे क्लाइनबर्ग, मुल्लैनाथन आणि राघवन यांनी, दुसरीकडे शुल्डेकोव्हा यांनी. कोणताही प्रोग्रामर हे दुरुस्त करू शकत नाही. कोणती चूक सोसायची हे समाजाने ठरवायचं असतं.

आणि यात ‘मूळ प्रमाण’ म्हणजे अटकेचं प्रमाण, गुन्ह्याचं नव्हे, हे ध्यानात ठेवा. ज्या वस्तीत रोज तपासणी होते तिथे ते चढणारच.

तरी न्यायाधीशांच्या अंदाजावर सोडून द्यावं का? माझं उत्तर नाही असं आहे. मुल्लैनाथन, क्लाइनबर्ग आणि सहकाऱ्यांनीच न्यूयॉर्क शहराच्या जामिनांचा अभ्यास केला. त्यांच्या हिशोबाने, न्यायाधीशांऐवजी मॉडेलने क्रम लावला तर गुन्हे न वाढता आत ठेवलेल्यांची संख्या ४० टक्क्यांहून जास्त घटू शकते. हा कागदावरचा हिशोब आहे हे मान्य. पण माणसाचा अंदाजही जुन्या पूर्वग्रहांतूनच येतो, फरक एवढाच की तो तपासता येत नाही.

---

निवृत्त_फौजदार

मी तेहतीस वर्षं खात्यात काढली. आपण सर्वजण आरोपीच्या बाजूने विचार करत आहात, ते चांगलेच आहे. पण फिर्यादीच्या घरी जाऊन आलेल्या माणसाचे म्हणणेही ऐकावे.

जामिनाला तपासी अधिकारी विरोध करतो तेव्हा त्याच्या से मध्ये, म्हणजे कोर्टाला दिलेल्या लेखी म्हणण्यात, मुख्य मुद्दा असतो साक्षीदारांवर दबाव. आरोपी आणि साक्षीदार एकाच गल्लीत, एकाच भावकीत राहतात. या नऊ मुद्द्यांत तो प्रश्न कुठेच दिसत नाही. मारहाण करणारा नवरा पहिल्यांदाच अटकेत आला असेल तर त्याची पाटी कोरी, अंक सर्वात कमी. बायको मात्र त्याच घरात. पहिली तक्रार द्यायलाच तिला दहा वर्षे लागलेली असतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

दुसरे असे की सुटलेल्याने खून केला तर जबाबदार कोण? तक्ता करणारी संस्था की न्यायाधीश?

---

शर्वरी_एडिसन

काका, दोन्ही प्रश्न रास्त आहेत.

दुसऱ्याचं उत्तर आधी, कारण ते इथे प्रत्यक्ष घडलं. २०१७ मध्ये सुटलेल्या एका आरोपीवर काही दिवसांतच खुनाचा आरोप लागला. मृताच्या आईने अर्नोल्ड फाउंडेशनवर दावा लावला, की सदोष वस्तू बाजारात आणली. फेडरल कोर्टाने तो फेटाळला आणि अपिलातही निकाल कायम राहिला: हे मोजमाप म्हणजे ‘उत्पादन’ नव्हे, निर्णय न्यायाधीशाचा. कायद्याने ते बरोबर असेल, पण त्या आईला उत्तर मिळालं असं मला वाटत नाही. न्यायाधीश म्हणतो तक्त्याने शिफारस केली होती, तक्तावाले म्हणतात आम्ही फक्त माहिती देतो. जबाबदारी अशी दोघांच्या मधून सुटून जाऊ शकते हा या पद्धतीचा खरा दोष आहे.

साक्षीदारांचा मुद्दा: बरोबर, पीएसए ते मोजत नाही आणि मोजतो असा दावाही करत नाही. त्यासाठीच सरकारी वकिलाचा वेगळा अर्ज आणि सुनावणी. घरगुती हिंसेसाठी इथले पोलीस ओडारा नावाची निराळी प्रश्नावली भरतात. तिच्यात जिवे मारायची धमकी दिली का, घरात कोंडलं का, मुलं आहेत का असं विचारतात. पहिलीच अटक असली तरी धोका दिसतो. असा कागद तुमच्या हाताखालच्या हवालदाराकडे असता तर?

---

निवृत्त_फौजदार

असता तर से लिहिताना ‘आरोपी दबाव आणण्याची दाट शक्यता आहे’ हे छापील वाक्य लिहावे लागले नसते. बाईने काय सांगितले तेच कोर्टापुढे गेले असते. हे मला पटले.

---

रानवाट

मी पारधी वस्त्यांवर काम करते. वरचं सगळं वाचलं, आणि ‘आधीच्या नोंदी’ हे शब्द आले तिथे दर वेळी थांबले.

१८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. १९५२ ला तो रद्द झाला, म्हणून विमुक्त म्हणायचं. मग सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, आपल्या राज्याचा १९५९ चा, आणि पोलिसांच्या वह्यांत तीच नावं पुन्हा आली. परिसरात चोरी झाली की वस्तीवर गाडी येते. पोरांना उचलतात, चॅप्टर केस (प्रतिबंधक कारवाई) करतात, दोनचार दिवसांनी सोडतात. पंचविशीपर्यंत पोराच्या नावावर चारपाच नोंदी असतात आणि एकातही शिक्षा नसते. त्याचा अंक काय निघेल सांगा. आणि एकदा अंक निघाला की ‘कॉम्प्युटरने सांगितलं’ म्हणून त्याच्याशी भांडता पण येणार नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल दिला. तुरुंगांच्या नियमावल्यांतला जातीभेद घटनाबाह्य ठरवला, आणि विमुक्त जमातींना मनमानी अटकेत अडकवू नका असं पोलिसांना बजावलं. आकडेवाल्या दादांना माझं एकच सांगणं आहे. भारतात अटकेच्या नोंदीवर काही बांधायचं असेल तर आधी त्या नोंदी कोणी, कुठे, का केल्या ते पाहायला वस्तीवर या. मी नेते.

---

तेजस_सांख्यिकी

रानवाटताई, येतो. व्यनि (खाजगी निरोप) करतो.

एक तांत्रिक भर: पीएसए जुन्या ‘शिक्षा’ मोजतो, नुसत्या अटका नाही. तेवढ्याने तुमच्या पोरांचं बरंच नुकसान टळेल, पण सगळं नाही. ‘अटकेच्या वेळी दुसरा खटला चालू’ हा मुद्दा आपल्याकडे घातक ठरेल. न्यू जर्सीत आत ठेवलेल्याचं आरोपपत्र ९० दिवसांत आणि त्यानंतर १८० दिवसांत खटला सुरू, अशी मुदत आहे. आपल्याकडे खटला वर्षानुवर्षं चालूच असतो, म्हणजे तो गुण वर्षानुवर्षं चिकटलेलाच राहणार.

---

मीनल_जी

मी कायद्याची शिक्षिका आहे. हा सगळा विषय अमेरिकेतून आपल्याकडे आत्ता येतो आहे असा सूर दिसला, म्हणून लिहिते. तो १९७९ मध्येच येऊन गेला.

१९६१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये व्हेरा संस्थेने मॅनहॅटन बेल प्रोजेक्ट सुरू केला. कायद्याचे विद्यार्थी अटकेतल्या माणसाला भेटून विचारायचे: इथे किती वर्षं राहतोस, घरी कोण, काम काय, आधी शिक्षा झाली आहे का. पुरेसे गुण झाले की न्यायाधीशाला शिफारस जायची, याला पैसे न घेता सोडा. माणसं तारखेला येत राहिली. त्यातूनच १९६६ चा फेडरल जामीन कायदा उभा राहिला.

१९७९ च्या हुसैनारा खातून खटल्यात बिहारच्या तुरुंगांतले कच्चे कैदी, म्हणजे खटला न संपलेले, सर्वोच्च न्यायालयापुढे आले. काही तर आरोपाला असलेल्या कमाल शिक्षेपेक्षाही जास्त काळ आत होते. न्या. भगवती यांनी निकालात मॅनहॅटनच्या या प्रयोगाचा दाखला दिला आणि मॅजिस्ट्रेटांनी काय पाहावं ते क्रमाने लिहिलं: वास्तव्य किती काळाचं, काम आणि आर्थिक स्थिती, कुटुंबाशी संबंध, लौकिक, पूर्वीचे गुन्हे आणि आधी सुटल्यावरचं वागणं, त्याच्याविषयी शब्द देणारी जबाबदार माणसं, आरोपाचं स्वरूप, आणि मुद्दाम गैरहजर राहण्याचा धोका दाखवणारं आणखी काही. मुळं घट्ट दिसली तर जातमुचलक्यावर सोडा.

‘मुद्दाम’ गैरहजर राहण्याचा धोका, असं त्यात आहे. न्यू जर्सीच्या नऊ मुद्द्यांत हा फरक नाही. एसटी चुकली म्हणून न आलेला आणि नेपाळला पळालेला, दोघांची गैरहजेरी सारखीच मोजली जाते. आपली १९७९ ची यादी या बाबतीत जास्त शहाणी आहे. पण कुठल्याही मॅजिस्ट्रेटच्या टेबलावर ती छापील स्वरूपात मी पाहिलेली नाही.

---

माणदेशी_वकील

मीनलताई, यादी चांगली, पण पहिल्याच मुद्द्यावर आमची माणसं अडकतात. ऊसतोड कामगार दिवाळीनंतर सहा महिने फडावर. ‘वास्तव्य किती काळाचं’ याला काय उत्तर देणार? मुळं घट्ट असलेला म्हणजे घर-जमीन असलेला, असाच अर्थ लावतील. म्हणून अमेरिकेच्या नव्या कागदातून पत्ता आणि नोकरी काढून टाकली असावी.

---

शर्वरी_एडिसन

हो, नेमकं तेच. पत्ता-नोकरी धरली की गरिबी मोजली जाते, नोंदी धरल्या की पोलीस मोजले जातात.

---

वाचनवेडा

मग यापेक्षा सगळंच न्यायाधीशावर सोडलेलं काय वाईट? केंटकीत काय झालं ते कोणी सांगेल का, वर उल्लेख आला आहे.

---

तेजस_सांख्यिकी

केंटकीत खाजगी जामीन-व्यवसायावर १९७६ पासूनच बंदी आहे. २०११ च्या कायद्याने न्यायाधीशांना जोखमीचा अंक पाहणं सक्तीचं केलं. मेगन स्टीव्हनसन यांनी त्याचा परिणाम तपासला. सुरुवातीला पैशाशिवाय सुटका वाढली, मग हळूहळू न्यायाधीश आपापल्या जुन्या सवयींकडे परतले आणि वाढ विरत गेली. शिवाय ग्रामीण, बहुतांशी गोऱ्या भागांतल्या न्यायाधीशांनी सवय जास्त बदलली, त्यामुळे राज्यभरातली काळ्या-गोऱ्यांतली दरी उलट वाढली. अंक सगळीकडे एकच, पण त्याला मान देणारे हात वेगवेगळे.

कॅलिफोर्नियाने २०१८ मध्ये रोख जामिनाच्या जागी जोखमीचं मोजमाप आणणारा कायदा केला होता. २०२० च्या मतदानात लोकांनीच तो पाडला. विरोधात जामीन-व्यवसायवाले होते आणि काही मानवाधिकार संघटनाही होत्या. इलिनॉयने सप्टेंबर २०२३ मध्ये रोख जामीन पूर्णच बंद केला.

---

मीनल_जी

आपल्याकडे कायद्यात जागा आहे, हे वाचनवेडा यांच्यासाठी. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत, १ जुलै २०२४ पासून, कलम ४७८ प्रमाणे जामीनपात्र गुन्ह्यात आठवडाभरात जामीनदार देता आला नाही तर तो माणूस निर्धन समजून मुचलक्यावर सोडायचा. कलम ४७९ प्रमाणे आधी कुठल्याही गुन्ह्यात शिक्षा न झालेल्याला, काही गंभीर गुन्हे सोडता, कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळानंतर सुटका. ३१ जानेवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की जामीन होऊन सात दिवसांत कैदी सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवाला कळवावं, आणि महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर कोर्टाने आपण होऊन अट शिथिल करण्याचा विचार करावा. स्थानिक जामीनदाराचा आग्रह हेही सुटका लांबण्याचं एक कारण म्हणून तिथे नोंदलं आहे. गरीब कैद्यांना जामिनाच्या रकमेसाठी मदत करणारी केंद्राची योजनाही आहे.

२०२२ अखेर देशात चार लाख चौतीस हजार कच्चे कैदी होते, एकूण कैद्यांच्या पाऊण वाट्याहून थोडे जास्त. हे सगळे धोकादायक आहेत म्हणून आत आहेत असं मानायला माझ्याकडे काहीही आधार नाही.

आणखी एक. जोखीम कमी करायची म्हणून अटीही वाटेल त्या घालता येत नाहीत. जुलै २०२४ मध्ये फ्रँक व्हायटस खटल्यात न्या. अभय ओक यांच्या खंडपीठाने, आरोपीने गुगल मॅपवर पिन टाकून तपास यंत्रणेला सतत ठिकाण दाखवत राहावं ही अट रद्द केली. पायातल्या पट्ट्याची स्वप्नं पाहणाऱ्यांनी तो निकाल वाचावा.

---

शर्वरी_एडिसन

खूप शिकायला मिळालं, सगळ्यांचे आभार. गैरहजेरीबद्दल मीनलताईंनी जे लिहिलं त्याला जोडून एक गोष्ट, कारण ती कुठेही उद्यापासून करता येते.

न्यूयॉर्कमध्ये समन्सचा कागद नव्याने आखला. तारीख, वेळ आणि जागा वर ठळक, न आल्यास काय होईल ते साध्या भाषेत. तेवढ्याने गैरहजेरी सुमारे १३ टक्क्यांनी घटली. तारखेआधी मोबाइलवर आठवण पाठवल्यावर ती आणखी, सुमारे २१ टक्क्यांनी घटली. ज्याला आपण ‘पळून जाण्याची जोखीम’ म्हणतो तिच्यातला मोठा भाग हा विसर, गोंधळ, बुडणारी मजुरी आणि घरी लहान मूल यांचा असतो. अंक काढून माणसाला आत ठेवण्याआधी त्याला एक फोन करून पाहावा.

माणदेशीदादा, तुमच्या जिल्ह्यात लोकअभिरक्षक कार्यालय (गरीब आरोपींना मोफत वकील देणारं) असेल. हुसैनारातले मुद्दे घेऊन जामीन अर्जाला जोडायचा एक पानी तक्ता करूया का? गुण नकोत, अंक नको. प्रत्येक मुद्द्यापुढे माहिती आणि तिचा कागद, म्हणजे न्यायाधीशाला वाचून प्रश्न विचारता येतील आणि सरकारी वकिलाला खोडता येईल. इंग्रजी मसुदा मी करते. वास्तव्याच्या जागी तुमच्याकडे कोणते पुरावे चालतील ते सांगा.

---

माणदेशी_वकील

करूया ताई. मराठीत मी उतरवतो, इथल्या कोर्टाची भाषा मराठीच आहे.

वास्तव्यासाठी: मतदार यादीतलं नाव, पोरांच्या शाळेचं बोनाफाईड, रोजगार हमीचं जॉबकार्ड, अंगणवाडीच्या नोंदी, बायकोच्या बचत गटाचं पुस्तक. ऊसतोडवाल्यांसाठी मुकादमाचं पत्र आणि कारखान्याच्या टोळीच्या यादीत नाव, म्हणजे सहा महिने कुठे सापडेल ते कळतं. शब्द देणाऱ्या माणसांत सरपंचाचा आग्रह नको, गावात गट असतात. मुख्याध्यापक, आशाताई, पोस्टमन चालतील. आणि फोन नंबर दोन, एक स्वतःचा आणि एक असा की जो सतत लागतो.

---

रानवाट

जन्मदाखले, जातीचे दाखले नसलेल्यांसाठी एक रकाना ठेवा. वस्तीवरची संस्था किंवा शाळा लिहून देईल. आणि जुन्या नोंदींच्या पुढे ‘शिक्षा झाली का’ हे वेगळं विचारा.

---

माणदेशी_वकील

ठेवतो. शनिवारी कच्चा मसुदा इथेच टाकतो. फौजदार साहेब, फिर्यादीच्या सुरक्षेचा रकाना तुम्ही लिहून द्याल का?

---

निवृत्त_फौजदार

देतो.